पेटी शहराला नेली

पहिलारू कालवड पहाटेपासून अडली होती. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आले होते, नाक मात्र दिसत नव्हतं. बाबाचा उजवा खांदा हिवाळ्यापासून वर जात नव्हता, म्हणून मीच अंगातला कोट काढला, कोपरापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. डोकं मागे वळलं होतं. कालवडीला कळ आली की माझा हात हाडात चेपला जायचा आणि बोटं बधिर व्हायची. कळ ओसरली की मी पुन्हा चाचपडायची. शेवटी खालच्या जबड्यात दोन बोटं अडकली.

"सापडलं," मी म्हणाले.

बाबाने खुरांच्या वर साखळ्यांचे फास बसवले. डाव्या हाताने बसवायला त्याला वेळ लागला. मी मदत केली नाही, कारण केली असती तर तो साखळी टाकून गोठ्याबाहेर गेला असता.

"तुझ्या वॉर्डात असं ओढता का बायकांना?"

"तिथे बायका शिव्या देतात, बाबा. ही गरीब आहे."

"गरीब कसली. मघाशी लाथ मारली मला."

कळ आली. आम्ही दोघं मागे रेललो. वासरू एकदम सुटलं आणि वाफाळत पेंढ्यावर पडलं. बाबाने गवताची काडी त्याच्या नाकपुडीत घातली. ते शिंकलं. कालवड वळली, हुंगली आणि चाटायला लागली. बाहेर बर्फाचे जुने ढिगारे कडेला काळे पडले होते आणि वॉर्नरच्या डोंगरावरून वारा येत होता.

बाबा साखळ्या बादलीत बुडवत म्हणाला, "बेनचे हात फार जाड आहेत."

बेन इतुर्री आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या कुरणांत फक्त एक कुंपण. मी गेल्यावर अडलेल्या गायीत हात घालायला तोच उरणार होता. बाबा एवढंच बोलला आणि बादली उचलून घराकडे गेला.

मी सोमवारपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कामाला लागणार होते. आमच्या जुनिपर फ्लॅटच्या दवाखान्याने जानेवारीत खाटा बंद केल्या. आता तिथे रक्त तपासतात, टाके घालतात आणि बाकी सगळ्यांना डोंगरापलीकडे पाठवतात. मी तिथे इतकी वर्षं काढली होती की अर्ध्या गावाचं पोट, पाठ आणि घरची भांडणं मला तोंडपाठ होती. खाटाच नाहीत तर नर्सचं काय काम? मी गावातली खोली सोडून महिनाभर बाबाकडे येऊन राहिले आणि अर्ज पाठवत बसले.

आई नोव्हेंबरात गेली. स्वयंपाकघरात उभी होती, बसली, आणि मग उठली नाही. तेव्हा खाटा चालू होत्या. तीन नंबरच्या खाटेवर माझ्या ड्यूटीत ती गेली. त्याबद्दल इथे आणखी काही लिहायचं नाही.

बाबा एकटा राहील का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. गायींचं नव्हे, त्याचं. पहिले काही आठवडे बायका डबे आणून देत होत्या. मग डबे थांबले. मी राहायला आले तेव्हा मोरीत घेवड्याचे रिकामे डबे रचलेले होते. तो घेवडा डबा फोडून थंडच खायचा, उभ्याने. कमरेच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. मी रांधलं तर दोन घास खायचा आणि कुत्र्याला हाक मारायचा.

आणि मागच्या पडवीत आडवा फ्रिजर गच्च भरलेला होता. आम्ही त्याला पेटी म्हणतो. आईने बाटलीने दूध पाजून वाढवलेला एक गोऱ्हा ऑक्टोबरात कापला होता. त्याचं सगळं मांस तिने स्वतः पांढऱ्या कागदात बांधून वर निळ्या शाईने लिहून ठेवलं होतं, कीमा, रस्स्याचं, भाजायचं. पेटीला कुणी हात लावला नव्हता. मी एकदा झाकणाकडे हात नेला, तर बाबा म्हणाला, "राहू दे ते. तुझ्यासाठी आहे."

शुक्रवारी दुपारी त्याने त्याचा अर्थ सांगितला.

"पेटी गाडीत चढवायची. मी येतो तुला सोडायला."

"बाबा, तिथे एक खोली आहे. गराजच्या मागे. तिची मोरी माझ्या खाटेएवढी आहे."

"पेटीला किती जागा लागते?"

"जागेचा प्रश्न नाही. घर दुसऱ्याचं आहे."

"भाडं देतेस ना? ते भाडं ऐकून मला वाटलं होतं, आत एक गाय पण बांधून मिळेल."

"फ्रिजमध्ये एक फळी आहे माझी. एक. बाई स्पष्ट बोलली आहे."

"फळीवर माणूस जगतो का?" तो म्हणाला आणि दोरखंड शोधायला निघून गेला.

मी आणखी बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी तो आईच्या मातीनंतर पहिल्यांदाच काहीतरी ठरवून कामाला लागला होता. खिशात पक्कड, तोंडात खिळा, डोक्यात फक्त पेटी. मला ते बघत राहावंसं वाटलं.

शनिवारी उजाडायच्या आत बेन आला. त्याने आणि बाबाने दोन फळ्या लावून पेटी पिकअपमध्ये ढकलली. मी मागून खांदा दिला. बाबाचा खांदा कटकन वाजला. तिघांनाही ऐकू आलं.

"ऑर्लन, पोरीला नोकरीला पाठवतोयस की उजवून देतोयस?" बेन पेटीवर गोधड्या टाकत म्हणाला. "आमच्या बास्क मेंढपाळांत नवरीबरोबर मेंढ्या देतात. त्या निदान आपल्या पायांनी चालतात."

"तू त्या सतरा नंबरच्या गायीवर लक्ष ठेव. आज-उद्यात व्यायची आहे."

"ठेवतो. आणि नोला, तिथल्या लोकांना सांग, बर्फ आमच्याकडे फुकट पडतो, तरी आम्ही तो पेटीत भरून फिरतो."

बाबा हसला नाही. त्याने ताडपत्री ओढली, दोर आवळला आणि गाठीवर दोनदा मूठ मारली.

पिट नदीच्या काठाने आम्ही खाली उतरलो. मैदानात बदामाच्या बागा फुलल्या होत्या आणि ऊन होतं. ऊन लागलं तसा बाबा अस्वस्थ झाला. दर पेट्रोलपंपावर उतरून ताडपत्रीखाली हात घालायचा, पेटीच्या अंगाला तळवा लावायचा, ताप बघतात तसा.

"गच्च भरलेली पेटी दोन दिवस टिकते, बाबा."

"बंद खोलीत टिकते. उन्हात कुणी पाहिलंय?"

उरलेल्या वाटेत तो सारखा आरशात ताडपत्री बघत होता. गुडघा हलवत राहिला. माझंही मन एका जागी राहत नव्हतं. सोमवार डोळ्यांसमोर येत होता, अनोळखी यंत्रं, अनोळखी नावं. आणि मग त्याचा पट्टा दिसायचा, नव्या भोकातून पुढे लोंबणारं टोक. परत फिर म्हणावं, असं शहराचा पूल येईपर्यंत मला तीनचारदा वाटलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता पुढचं वळण येऊ दे, मग म्हणते.

शहरात समुद्राकडून धुकं येत होतं. घरं एकमेकांना चिकटून उभी होती, दोन घरांमध्ये हात घालायला जागा नाही. रस्ता उताराचा. बाबाने गाडी गराजच्या दारासमोर उभी केली, ब्रेक ओढला, तरी समाधान होईना, म्हणून मागच्या चाकाखाली जळणाचा एक ओंडका ठेवला. तो त्याने घरून आणला होता.

घरमालकीण मिसेस क्वोक दारात आल्या. ठेंगण्या, सत्तरीच्या, पायांत लोकरी सपाता, हातात भाजी निवडायची चाळण. त्यांनी आधी ओंडका पाहिला, मग ताडपत्री, मग मला.

"नर्सबाई, सामान एक बॅग म्हणाला होतात."

"हो. हे वडील. हे सोडायला आलेत."

"आणि ते?"

"त्यात मांस आहे," बाबा म्हणाला. टोपी त्याने काढून हातात घेतली होती. "आमच्या घरचं. तुम्हालाही देऊ."

"किती?"

"एक गोऱ्हा. डोकं सोडून."

मिसेस क्वोकनी चाळण कमरेला टेकवली. मग म्हणाल्या, "डोकं का सोडलं?" आणि वर निघून गेल्या. जाता जाता जिन्यावरून सांगितलं, "वर आमचे साहेब झोपलेत. आवाज नको. आणि फळी एकच."

मी बॅग घेऊन आत गेले. खोली म्हणजे गराजच्या मागचा भाग होता, मध्ये प्लायवूडची भिंत. एक खाट, एक खिडकी, खिडकीपलीकडे शेजारच्यांची भिंत. वर कुणीतरी खोकत होतं, आणि एका यंत्राचा सावकाश, ठराविक आवाज येत होता. प्राणवायूचं यंत्र. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

मी चादर काढत होते तेव्हा दिवा गेला.

वरचा आवाज थांबला. मग यंत्राची शिट्टी सुरू झाली, लांब, न थांबणारी. मिसेस क्वोक त्यांच्या भाषेत ओरडल्या.

मी जिना चढले. मधल्या खोलीत म्हातारे मिस्टर क्वोक उशांना टेकून बसले होते, नळी नाकात, ओठ निळसर, डोळे मोठे झालेले. घाबरल्यामुळे ते भराभर, वरवर श्वास घेत होते.

"सिलिंडर कुठे आहे?"

मिसेस क्वोकनी कपाटाच्या मागे बोट दाखवलं. वर कपड्यांची गाठोडी ठेवली होती. मी ती फेकली, किल्ली लावली, झडप फिरवली, नळी यंत्रातून काढून सिलिंडरला जोडली. हिस्स आवाज आला. मी म्हाताऱ्यांचा हात माझ्या छातीच्या हाडावर ठेवला. "माझ्याबरोबर घ्या. नाकाने आत. ओठ चिमटून बाहेर. समोर मेणबत्ती आहे समजा, ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये." शब्द त्यांना कळले की नाही कोण जाणे, पण हाताला माझा श्वास कळला. हळूहळू ओठांवर रंग आला. मिसेस क्वोक पलंगाचा पाय धरून खाली बसल्या होत्या. चाळणीतली भाजी सगळी जमिनीवर सांडली होती.

मी खाली आले तेव्हा बाबा गराजच्या अंधारात उभा होता. हातात नारिंगी वायर, घरच्या वर्कशॉपमधली. एक टोक पेटीत होतं, दुसरं त्याने भिंतीच्या सॉकेटमधून उपसलं होतं.

"मी फक्त लावली," तो म्हणाला.

आमच्याकडे कुणाच्याही अंगणात गेलं की लागेल तिथे वायर लावतात, पाणी लागलं तर नळ सोडतात. विचारलं तर घरधनी रागावतो, मी काय परका आहे का म्हणून. बाबाने आयुष्यात कधी सॉकेटसाठी परवानगी मागितली नव्हती.

"वर एका माणसाचा श्वास त्याच तारेवर होता, बाबा."

त्याने वायरकडे पाहिलं. मग ती कोपर आणि तळवा यांच्यामध्ये गुंडाळायला लागला, नीट, एकेक वेढा. वेढे सुटत होते, तो पुन्हा सुरू करत होता.

मिसेस क्वोक खाली आल्या. त्यांनी भिंतीवरची उडालेली कळ वर केली, दिवा आला. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी मला तिथेच हाकललं असतं तरी मी काय म्हणणार होते? त्या भाड्यात त्या शहरात दुसरी खोली नव्हती, मी महिनाभर शोधली होती.

"नर्सबाई राहतील," त्या म्हणाल्या. "पेटी जाईल. आता."

"माझी चूक झाली," बाबा म्हणाला.

"हो," मिसेस क्वोक म्हणाल्या. त्यांनी त्याची टोपी जमिनीवरून उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. "तुमची चूक झाली."

बाहेर धुक्याने गाडीची काच ओली झाली होती. आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसलो. बाबा दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला होता. शाळेतून शिक्षा होऊन आलेल्या मुलासारखा तो दिसत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

"चल परत," तो म्हणाला. "आत्ताच निघू. जिथे तुझ्या आईची पेटी ठेवायला जागा नाही तिथे तू काय राहणार?"

"मी राहणार आहे, बाबा."

"फळीवर."

"फळीवर. पेटी तू घरी घेऊन जा. तुला खायला होईल वर्षभर."

त्याने मान हलवली.

"का नाही? घेवड्याने तुझं अंग बघ कसं झालंय. पॅंट दोराने बांधायची वेळ आली."

"मला ती घरात नको."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"पडवीत ती चालू होते," तो म्हणाला. "घरघर करते. जरा वेळाने बंद होते. बंद झाली की मी जागा होतो. मग पुन्हा चालू होईपर्यंत पडून राहतो. मला वाटलं, तुला दिली की झालं. तुला हवीच असणार. तुझी आई होती." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "मी दोनदा वायर काढायला गेलो. पण मग सगळं सडलं असतं."

एक बाई कुत्र्याला घेऊन खालून चढत आली. ओंडक्याकडे बघत बाजूने गेली. बाबाने सवयीने टोपीला हात लावला.

वॉर्डात नातेवाइकांना सांगायची वाक्यं मला येतात. चांगली वाक्यं आहेत ती, अनेकांना उपयोगी पडली आहेत. त्यातलं एकही मला आपल्या बापाला सांगता आलं नाही. मी गाडीवर चढले, दोर सोडला, गोधड्या बाजूला केल्या.

"काय करतेस?"

"जेवायची वेळ झाली."

झाकण चिकटलं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते निघालं. आत पांढरी पुडकी ओळीने रचलेली होती, कडांवर बर्फाचा भुगा. आईची जाड, उजवीकडे झुकलेली अक्षरं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड गेलं. मी थोडा वेळ थंडीत तशीच तोंड घालून उभी राहिले. मग वरचं पुडकं घेतलं.

"धर."

त्याने हात पुढे केला नाही.

"बाबा, धर. हात गार पडतोय माझा."

त्याने धरलं. दोन्ही हातांनी. वाचलं. "कीमा," तो म्हणाला, जणू वर दुसरं काहीतरी लिहिलेलं असेल असं त्याला वाटलं होतं.

मी मिसेस क्वोकना विचारायला गेले. त्यांनी घड्याळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि गॅसचा मागचा बर्नर दाखवला. पुढचे त्यांचे होते. कीमा दगडासारखा होता. मी तो तव्यावर टाकून उलथन्याने कडेकडेने खरवडत राहिले, विरघळेल तसा. बाबा दाराशी उभा. घरच्या स्वयंपाकघरातही तो दाराशीच उभा राहायचा.

"आत ये. हे धर. खरवड."

"मला नाही येत."

"गायीची वार काढतोस. हे येईल."

तो उलथनं धरून उभा राहिला. डाव्या हाताने. मी कांदा चिरला. मिसेस क्वोकनी मागून येऊन तव्यात डोकावलं, एक बाटली उचलली, काळा पातळ रस थोडा ओतला आणि काही न बोलता भाताच्या दोन वाट्या ठेवल्या. बाबा कीमा खरवडत राहिला. त्याचे डोळे वाहत होते. कांद्यापासून तो बराच लांब होता.

तो जेवला. पहिले दोन घास नेहमीसारखे. मग तिसरा. मग भात संपवला, वाटीच्या कडेचे कण बोटाने गोळा केले. मी त्याच्याकडे न बघता जेवत होते.

"मीठ किती घालायची गं ती?" त्याने विचारलं.

"चिमटीने नाही. तळहातात घ्यायची, एवढं."

त्याने तळहात उघडून बघितला.

रविवारी सकाळी बेनचा फोन आला, सतरा नंबर व्यायली, वासरू उभं आहे. रात्र गाडीत काढलेला बाबा लगेच निघाला. फळीवर मावतील तेवढी पुडकी मी ठेवून घेतली, एक मिसेस क्वोकना दिलं. बाकीचं त्याच्याबरोबर गेलं. मी दोर आवळला, त्याने माझी गाठ तपासून पुन्हा बांधली. गाडी उतारावरून जाताना ताडपत्रीचं एक टोक फडफडत होतं. वळणावर त्याने हात बाहेर काढला नाही. दोन्ही हात चाकावर घट्ट होते.

सोमवारी मला कुणाचंच नाव लक्षात राहिलं नाही. मंगळवारी दोन राहिली. बुधवारी एका खाटेवरच्या बाईने मला विचारलं, तू कुठली, आणि मी सांगितलं तर तिला वाटलं मी दुसऱ्या राज्यातून आले आहे. पाय सुजले. बस चुकली. खोलीत आल्यावर खाटेवर बूट न काढता बसले आणि बाबाला फोन लावला.

"जेवलास का?"

"रस्स्याचं घातलं होतं चुलीवर. गोठ्यात गेलो, विसरलो. करपलं."

"मग?"

"मग काय. खाल्लं."

"सगळं?"

"खालचा थर खरवडून. बेन पण होता. तो म्हणाला, नोलाला सांग, तिथे करपलेलं मागव, इथे भरपूर आहे."

मी हसले. वर मिस्टर क्वोकचं यंत्र चालू होतं, सावकाश, ठराविक.

"तुझं काय?" त्याने विचारलं.

"चाललंय."

"थांब हं," तो म्हणाला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पडवीचं दार वाजलं. मग काहीतरी चिकटलेलं जोर लावून उघडल्याचा आवाज, बराच वेळ काही नाही, आणि झाकण धप्पकन बंद.

"काय करतोयस?"

"उद्याचं बाहेर काढून ठेवलं," बाबा म्हणाला. "विरघळायला वेळ लागतो."